वचन कुठवर जाते आणि आपले मत कुठून सुरू होते

प्रश्न असा आला आहे: "मी मंडळीत प्रौढांचा बायबल अभ्यास वर्ग घेतो. निवडणूक आली की वर्गात दोन तट पडतात. काही जण म्हणतात, राजकारण बाहेर ठेवा, आपण स्वर्गाचे नागरिक. काही म्हणतात, गप्प बसणे हेच पाप, मत कोणाला द्यायचे ते स्पष्ट सांगा. शिक्षक म्हणून मी काय करावे?"

गेली सव्वीस वर्षे मी असे वर्ग घेतो आहे आणि अलीकडे वर्ग घेणाऱ्यांनाही शिकवतो आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. दोघांचेही ऐकू नका. मत कोणाला द्यायचे हे सांगणे तुमचे काम नाही आणि विषय टाळणेही तुमच्या हातात नाही, कारण तुम्ही टाळलात तर लोक तो दुसरीकडे शिकतीलच. वचन कुठवर जाते आणि तिथून पुढे आपला स्वतःचा अंदाज कुठे सुरू होतो, ही रेघ विश्वासणाऱ्याला स्वतःची स्वतः ओळखता आली पाहिजे. तेवढी तयारी करून घेणे हे शिक्षकाचे काम. ऐकायला सोपे वाटते, पण मला ते शिकायला फार वेळ लागला.

सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा वर्गाच्या शेवटी प्रार्थना केली. त्या वेळी एका कायद्यावरून मोठा वाद चालू होता. "प्रभू, या कायद्याला अडवणाऱ्यांचे डोळे उघड," असे मी मनापासून म्हणालो. सगळे गेल्यावर एक बाई थांबल्या. नेमाने येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सर, ही प्रार्थना देवाला केलीत की मला सुनावलीत?" त्यांना तो कायदा अन्यायाचा वाटत होता आणि त्याची कारणे त्यांच्याकडे होती, मी ती कधी विचारलीच नव्हती. त्या पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. त्या कायद्याबद्दलचे माझे मत आजही बदललेले नाही. पण देवाचे नाव घेऊन मी माझे मत त्यांच्या माथी मारले, हे चूकच होते. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको, ही तिसरी आज्ञा मी त्याआधी कितीतरी वेळा शिकवली होती.

त्यानंतर मी फळ्यावर तीन रकाने आखू लागलो आणि आजही आखतो. पहिल्यात वचन काय मागते, दुसऱ्यात परिस्थिती काय आहे, तिसऱ्यात उपाय कोणता. गरिबीचा प्रश्न घ्या. पहिला रकाना भरायला वेळ लागत नाही: गरिबाचा न्याय विपरीत करू नका (निर्गम २३), कापणीच्या वेळी शेताचे कोपरे सोडा (लेवीय १९), मजुराची मजुरी अडवून ठेवू नका (याकोब ५). इथे सूट नाही. दुसऱ्या रकान्यात मात्र बायबल उघडून भागत नाही. लोक गरीब का आहेत, काम कुठे गेले, आधी केलेल्या योजनांचे काय झाले, हे जाणकारांकडून आणि खुद्द गरिबांकडून शिकावे लागते. तिसऱ्यात कर वाढवावा की रोजगार, अनुदान द्यावे की किमान वेतन वाढवावे, हे प्रश्न येतात. या रकान्यात दोन प्रामाणिक विश्वासणारे एकमेकांच्या विरुद्ध मत देऊ शकतात आणि त्याच रविवारी एका प्रभुभोजनाला बसू शकतात. पहिल्या रकान्यातला मतभेद वेगळा, तो आज्ञापालनाचा प्रश्न असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात जवळजवळ हेच म्हटले आहे. श्रद्धावंतांत एखाद्या प्रश्नावर प्रामाणिकपणे मतभेद होऊ शकतात आणि अशा वेळी चर्चचा अधिकार फक्त आपल्याच मतामागे आहे असा दावा कोणी करू नये. मी प्रोटेस्टंट परंपरेतला आहे, तरी हा परिच्छेद वर्गात वाचून दाखवतो.

या फळ्याचा दुरुपयोगही होतो, ते आधीच सांगून ठेवतो. नको असलेला प्रश्न उचलायचा आणि "हा तिसऱ्या रकान्यातला आहे, यावर मतभेद चालतात" म्हणून मोकळे व्हायचे. गुलामगिरीबद्दल अनेक चर्चचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. व्यापाराचा प्रश्न आहे म्हणाले, मालमत्तेचा आहे म्हणाले. पण माणसाला पळवून विकणाऱ्याला निर्गम २१:१६ मध्ये मृत्युदंड आहे, आणि पहिल्या तीमथ्यात माणसांचा व्यापार करणारे खून करणाऱ्यांच्या यादीत आहेत. वचनापासून निष्कर्षापर्यंत इथे एकच पायरी आहे. म्हणून मी वर्गाला पायऱ्या मोजायला लावतो. आज्ञेपासून तुमच्या मतापर्यंत किती पायऱ्या आहेत? एक असेल तर ठामपणे बोला. पाच असतील तर तेवढ्याच नम्रतेने बोला. ब्रिटिश संसदेत विल्बरफोर्स यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पहिले मोठे भाषण केले १७८९ मध्ये, आणि कायदा झाला १८०७ मध्ये. मधली अठरा वर्षे ठराव पडत राहिले. वचनाबद्दल ते ठाम होतेच, पण साक्षी, आकडे, जहाजांवरची स्थिती, म्हणजे आपला दुसरा रकाना, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी चिकाटीने भरला.

आता वचने कोणती शिकवायची याकडे येतो. बहुतेक शिक्षकांची गाडी इथेच घसरते. राजकारण म्हटले की रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढायचा, "वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असा" एवढे वाचायचे आणि वर्ग संपवायचा. असे करू नका. प्रेषित पौलाने हे पत्र लिहिले तेव्हा त्यात अध्याय नव्हते, ते कितीतरी शतकांनी पडले. बाराव्याच्या शेवटापासून सुरुवात करा: सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या. मग तेराव्यातल्या पहिल्या सात ओव्या, आणि लगेच आठवी: प्रीतीशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका. असे सलग वाचले की राजसत्तेबद्दलचे ते बोलणे प्रीतीच्या दोन आज्ञांच्या मध्ये बसलेले दिसते.

एकदा एका तरुणाने हात वर केला. "सर, सगळे अधिकारी देवाने नेमलेले, मग हिटलरही?" वर्ग शांत झाला. मी उत्तर दिले नाही, काम दिले. पौलाने हे लिहिले त्या काळात रोममध्ये कोण गादीवर होता ते शोधा, म्हणालो. नीरो. पुढच्या आठवड्यात प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय वाचायला लावला. तिथे तीच साम्राज्यसत्ता समुद्रातून वर येणारे श्वापद झालेली दिसते. त्याच नव्या करारात तीच सत्ता एकदा देवाची सेवक म्हणून येते आणि एकदा देवाची निंदा करणारे श्वापद म्हणून. मग मी विचारले, सेवकाचे श्वापद कधी होते? त्या मुलाने बराच विचार करून सांगितले, "ती उपासना मागते तेव्हा." मला इतक्या कमी शब्दांत ते कधी सांगता आले नव्हते. मग अधीन राहणे म्हणजे सांगेल ते सगळे करणे नव्हे हेही आपोआप उलगडले. पेत्र आणि योहान यांनी गप्प बसण्याचा हुकूम मोडला, पण त्यासाठी तुरुंगात जायला ते तयार होते.

हिटलरचा प्रश्नही तसाच सोडला नाही. मे १९३४ मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथे काही मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एक घोषणापत्र काढले. मंडळीने ज्याचे ऐकायचे आणि ज्याच्या आज्ञेत राहायचे ते देवाचे एकच वचन म्हणजे येशू ख्रिस्त, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. त्याचे धैर्य मोठेच होते. पण त्यात ज्यूंबद्दल एक शब्द नाही. हे मी मुद्दाम शिकवतो. मंडळीच्या स्वातंत्र्यावर घाला आला की आपण ओरडतो, शेजाऱ्यावर आला की आवाज तितका चढत नाही. हे दुखणे त्यांच्यापुरते नव्हते.

कैसराच्या नाण्याची गोष्टही अशीच घाईत वाचली जाते. "कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला." म्हणजे धर्म आणि राजकारण वेगळे, झाले! थोडे थांबा. रोमच्या सम्राटाला, म्हणजे कैसराला, कर द्यावा की नाही हा प्रश्न विचारायला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि हेरोदी (हेरोद राजघराण्याच्या बाजूचे) एकत्र आले होते, एरवी दोघांचे जमण्यासारखे नव्हते. हो म्हटले तर लोक चिडणार, नाही म्हटले तर बंडाचा आरोप. करावरून बंड होऊन दोन-अडीच दशकेच झाली होती. येशूने नाणे मागून घेतले, म्हणजे ते त्याच्याजवळ नव्हते आणि विचारणाऱ्यांजवळ होते. मग विचारले, ही प्रतिमा कोणाची? माझे विद्यार्थी इथे ‘प्रतिमा’ या शब्दावर बोट ठेवायला शिकतात, कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिमेत घडवला आहे आणि ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे तर नाणे त्याला परत करा. माणसावर कोणाची आहे? कर द्यावा लागेल, पण माणूस कैसराच्या मालकीचा होत नाही. मी नाही आणि माझा विरोधकही नाही.

"आपण स्वर्गाचे नागरिक" म्हणणाऱ्यांसाठी एक उत्तम पाठ आहे. ते वाक्य फिलिप्पैकरांस पत्रातले. त्याच फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले होते, आणि सकाळी गुपचूप निघून जा असा निरोप आला तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे (कृत्ये १६). त्यांना यावे लागले. स्वर्गाचे नागरिकत्व शिकवणाऱ्याने पृथ्वीवरचे नागरिकत्व तिथेच वापरले, आणि ज्या लहानशा मंडळीला तो त्या शहरात मागे ठेवून जाणार होता तिलाही त्याचा आधार झाला असणार, असे मला वाटते. (‘मला वाटते’ हे शब्द वर्गातही मोठ्याने म्हणा. रेघ कुठे ओढली ते लोकांना ऐकू आले पाहिजे.)

अख्खे बायबल शिकवा, हा माझा हट्ट आहे. १८०७ मध्येच लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. निर्गमातली सुटकेची गोष्ट त्यात बहुतांशी गाळली होती, आज्ञाधारकपणाचे भाग होते. आपण कात्री वापरत नाही, पण दरवर्षी त्याच पाच-सहा वचनांवर उपदेश झाला तर परिणाम तोच होतो. तुमच्या गेल्या तीन वर्षांच्या टिपणांची वही काढून बघा. गरिबांवरच्या अन्यायावर बोलणारा आमोस संदेष्टा किती वेळा आला? विवाह आणि देहशुद्धीची वचने किती वेळा, परक्याला जाचू नये ही किती वेळा? कोणत्या बाजूची वचने आपण सवयीने वगळतो ते तिथे लगेच दिसते.

सोय म्हणून केलेल्या गोष्टी शिकवण बनतात, त्याचेही भान ठेवा. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे निर्णय घेणाऱ्या सभेने, १८५७ मध्ये ठरवले की सगळ्यांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी उपासना चालवायला हरकत नाही. हरकत नाही म्हणून दिलेली ती सवलत पुढे रीत झाली, रीतीतून वेगवेगळी चर्च उभी राहिली, आणि पुढच्या शतकात वंशभेदाच्या राजवटीला त्याच चर्चच्या लोकांनी शास्त्राधार पुरवला. १९८६ मध्ये त्याच परिवारातल्या एका मंडळीने बेलहार विश्वासनामा स्वीकारून त्या शिकवणीचा धिक्कार केला. मध्ये जवळपास एकशे तीस वर्षे गेली. कोणी चिडेल म्हणून आपण आज कुठली सवलत देतो आहोत, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी निघावा.

मोबाईलवरचा विषय वेगळा धडा म्हणून घ्या, कारण आज विश्वासणाऱ्यांचे राजकारण बरेचसे तिथेच घडते. नववी आज्ञा, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही संदेश पुढे पाठवणाऱ्यालाही लागू आहे. "मी लिहिले नाही, नुसते फॉरवर्ड केले" हे उत्तर चालत नाही. मी वर्गात प्रत्येकाला त्या आठवड्यात आलेला एक राजकीय संदेश मोबाईलवर उघडायला सांगतो आणि चारच गोष्टी विचारतो. हे कोणी म्हटले, कधी म्हटले, उरलेले वाक्य काय होते, आणि हेच तुमच्या आवडत्या नेत्याबद्दल आले असते तर तुम्ही तपासल्याशिवाय पुढे पाठवले असते का? चौथ्या प्रश्नाला खोलीत शांतता पसरते. नीतिसूत्रे १८:१७ तिथेच वाचून घ्या: आधी बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते, दुसरा येऊन तपासेपर्यंत. मग जोड्या लावून एकमेकांच्या विरोधी मताची मांडणी अशी करायला सांगा की त्या मताचा माणूस म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचे होते." हे जमेपर्यंत खंडन करायला परवानगी नाही. हा सराव अवघड आहे आणि मला त्याहून उपयोगी सराव सापडलेला नाही.

येशूच्या बारा जणांत जकातदार मत्तय होता आणि ज्याला जिलोत म्हणत तो शिमोनही होता. जिलोत हे तेव्हा एखाद्या संघटित गटाचे नाव होते की नुसता आवेशी या अर्थाचा शब्द, यावर अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नका. पण सत्ताधाऱ्यांसाठी वसुलीच्या व्यवस्थेत बसलेला माणूस आणि आवेशी म्हणून ओळखला जाणारा माणूस एकाच यादीत आहेत, आणि दोघांनाही त्याने बोलावले, एवढे नक्की.

तुमची मंडळी समाजात संख्येने लहान आहे की मोठी, यावर शिकवण्याचा भर बदलतो. लहान असेल तर मोह भीतीचा असतो: गप्प राहू, किंवा जो आपल्याला वाचवेल त्याचे सगळे माफ करू. तिथे यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय शिकवा. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना त्याने लिहिले, घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे हित चिंता. मोठी असेल तर मोह सत्तेचा असतो. तिथे नाथान संदेष्टा शिकवा, जो स्वतःच्याच राजासमोर, दावीदासमोर, उभा राहून त्याच्या पापाबद्दल म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस."

शिक्षकाने कधीच काही ठामपणे बोलू नये असे मात्र मी म्हणत नाही. देवाच्या प्रतिमेच्या माणसाला माणूस न मानणारी भाषा वर्गात आली तर, ती कोणत्याही बाजूची असो, मी तिथेच थांबवतो. त्यासाठी तीन रकाने लागत नाहीत. फक्त आपल्या बाजूचे लोक ती बोलतात तेव्हा आपण थांबवतो का, हे बघा. १ राजे २२ मध्ये इस्राएलचा राजा अहाब याच्याजवळ चारशे संदेष्टे होते आणि सगळे एका सुरात जय सांगत होते. मीखाया एकटाच वेगळे बोलला. अहाबाची तक्रार अशी की हा माझ्याविषयी कधी चांगले बोलतच नाही. आपल्या पसंतीच्या नेत्याला न आवडणारे एकही वाक्य आपण वर्षभरात उच्चारले नसेल तर आपण त्या चारशेंत उभे आहोत.

उमेदवाराचे नाव घेऊन प्रचार करू नका. अनेक देशांत धार्मिक संस्थांना त्यावर कायद्याची बंधने आहेत, पण कायदा नसता तरी माझे उत्तर हेच असते. व्यक्ती म्हणून तुम्ही मत द्या, पक्षात कामही करा. शिकवायला उभे राहाल तेव्हा मात्र तो बिल्ला घरी ठेवा.

मंडळीतले कोणी सरकारी नोकरीत, पोलिसांत किंवा निवडून आलेल्या पदावर असेल तर त्याला एकटे सोडू नका. आपण त्यांना दोनच वेळा आठवतो, काम करून घ्यायचे असते तेव्हा आणि नावे ठेवायची असतात तेव्हा. तीन-चार जणांनी महिन्यातून एकदा त्याच्याबरोबर बसावे, कामाबद्दल काही मागू नये, आणि "या महिन्यात खोटे बोलावे लागले का?" इतके साधे विचारावे. दानीएलला मित्र होते, हे त्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात आहे.

शेवटचे, निकालानंतरच्या पहिल्या रविवारचे. पहिल्या तीमथ्यात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, आपल्या पसंतीच्या अधिकाऱ्यांसाठी नव्हे. ही प्रार्थना निकालानंतर लिहिली की तिच्यात विजयाचा नाहीतर पराभवाचा सूर येतोच. म्हणून आम्ही ती आठवडाभर आधी लिहून घेतो. विरुद्ध मतांचे दोघे जण एकत्र बसून लिहितात आणि नावाच्या जागी रिकामी रेघ सोडतात. सुज्ञपणा मागतात, न्याय मागतात, दुर्बलांचे रक्षण मागतात, चुकीच्या मार्गाला अडथळा मागतात. कोणीही निवडून आले तरी शब्द तेच. वाचणाऱ्यावर सक्ती करत नाही, विचारतो.

गेल्या वेळी ज्या आजोबांनी ती लिहायला मदत केली होती त्यांची बाजू हरली. मी म्हणालो, दुसऱ्या कोणाला देतो. ते म्हणाले, नको, मीच वाचतो. रिकाम्या रेघेपाशी आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग ते नाव पूर्ण घेतले, आडनावासकट, आणि पुढची ओळ वाचली.